विहिरीवरची मोटर आणि जिप्सीचा पंप

आमच्या परभणीकडे पंप म्हटलं की पेट्रोल कुणाला आठवत नाही, विहीर आठवते. इथल्या शेतकऱ्याच्या पोराला काही गोष्टी कुणी न शिकवता कळतात. मोटर पाण्याच्या जितकी जवळ तितकी बरी. फुटबॉल, म्हणजे पाईपाच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह, गळका असला की मोटर हवा धरते. जाळी तुंबली की आवाज बदलतो. आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटरही खाली उतरवावी लागते.

मी कॉम्प्युटर इंजिनीअर. पुण्यात बसून सर्व्हर सांभाळतो, गाड्यांचं शिक्षण काहीच नाही. पण अण्णांच्या जिप्सीत दुसरं इंजिन बसवायची वेळ आली, तेव्हा सगळ्यात जास्त कामाला आलं ते हे विहिरीवरचं ज्ञान.

मारुतीने जिप्सी १९८५ साली आणली, ९७० सीसीच्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनासकट. अण्णांची गाडी त्याच इंजिनाची. दोनदा बोअर करून झालं होतं, तिसऱ्यांदा करण्यात अर्थ नव्हता. मी गाडी विकायचा विषय काढला.

"रात्री लाईट आल्यावर शेतात कोण नेणार हाय मला? तुझी कंपनी?" अण्णा म्हणाले.

मुद्दा बरोबर होता. शेतीच्या फिडरला काही दिवस थ्री फेज रात्रीच येते. शेत गावापासून सात किलोमीटर, रस्ता काळ्या मातीचा. पाऊस पडला की त्या चिखलात फोर व्हील ड्राइव्हशिवाय काही चालत नाही. अण्णा साठीच्या पुढचे, रात्री एकटे जाणार. म्हणजे गाडी नुसती सुरू होऊन भागणार नव्हतं; ती भरवशाची हवी होती.

उपाय गॅरेजवाल्यांच्या माहितीतला आहे: एस्टीमचं १३०० सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन. पुढे जिप्सीलाही कंपनीने याच घराण्यातलं इंजिन दिलं, त्यामुळे थोड्या फिटिंगनंतर ते बसतं. त्याआधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला नोंदणी कार्यालयाची मंजुरी लागते, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो. एमएच-२२ चा अर्ज आधी, इंजिन नंतर, हा क्रम मी सोडला नाही. अपघात झालाच तर विमा कंपनी पहिल्यांदा तोच नंबर बघते.

इंजिन बसलं. खरं काम पुढे होतं, पेट्रोलचं.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटलेला असतो. आत एक पडदा, कॅमशाफ्टने हलणारा. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून आणतो आणि पाव बारच्या आसपास दाबाने कार्ब्युरेटरला देतो. तिथे तेवढं पुरतं. एमपीएफआयच्या इंजेक्टरला मात्र तीन बारच्या आसपास दाब लागतो. कारच्या टायरमध्ये आपण भरतो त्याहून जास्त. त्यासाठी इलेक्ट्रिक पंप लागतो, आणि नव्या गाड्यांमध्ये तो टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला असतो. सबमर्सिबलच म्हणा. आम्हाला तशी चांगली टाकी मिळाली नाही. भंगारातल्या होत्या त्या गंजलेल्या. म्हणून पंप बाहेर. म्हणजे विहिरीच्या काठावरची मोनोब्लॉक.

आता तो लावायचा कुठे? उस्ताद म्हणाले, "भैया, पुढं बॉनेटमधी जागा हाय. वायर बी छोटी पडंल." जागा खरंच होती. पण कुठलाही पंप ढकलायला तगडा असतो, ओढायला कच्चा. पाणी ओढायची हद्द तर निसर्गानेच घातली आहे: हवेचा दाब पाण्याला १०.३ मीटरपर्यंतच वर चढवू शकतो, आणि प्रत्यक्षात सात मीटरच्या पुढे मोटर रडायला लागते. पेट्रोलची अडचण याहून वाईट. त्यातला हलका भाग पस्तीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतो, आणि ओढताना नळीतला दाब कमी झाला की आणखी लवकर. परभणीच्या मे महिन्यात ४४ अंश नवलाचे नाहीत, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. तिथे पंप लावला असता तर त्याने पेट्रोलऐवजी वाफ धरली असती. गाडी उन्हात बंद पडते आणि अर्ध्या तासाने गुपचूप सुरू होते, त्या दुखण्याचं मूळ बऱ्याचदा हेच.

मी उस्तादांना एवढंच विचारलं, "विहिरीतली मोटर तुम्ही घराच्या ओसरीवर लावाल का?" ते हसले आणि पाना घेऊन गाडीच्या मागे गेले. पंप टाकीशेजारी बसला, टाकीच्या तळाच्या पातळीला, सायलेन्सरच्या उलट बाजूला, रबरी बुशांवर. खाली दगडांपासून वाचवायला पत्र्याची ढाल.

पंपाच्या आधी जाड जाळीचा फिल्टर, पंपानंतर बारीक. उलटं केलं तर बारीक फिल्टर ओढण्यातच अडथळा करतो. बारीक फिल्टरनंतर पेट्रोल इंजिनाकडे जातं. तिथला रेग्युलेटर दाब राखतो आणि उरलेलं पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत सोडतो. त्या नळीचं टोक आम्ही टाकीत खोलवर नेलं. हौदात उंचावरून धार पडली की फेस होतो, तसा फेस पंपाला नको.

नळीवर मी एक रुपया वाचवू दिला नाही. पाव बारवर गळणारी नळी थेंब टाकते. तीन बारवर तीच नळी फवारा मारते, आणि जवळच तापलेला एक्झॉस्ट असतो. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून इंजेक्शनच्या दाबाची, इथेनॉलला टिकणारी नळी आणि तिचेच क्लॅम्प.

शेवटी वायरिंग. बऱ्याच ठिकाणी पंप थेट चावीवर जोडून देतात, दहा मिनिटांचं काम. आम्ही एस्टीमची ईसीयू आणि तिचा रिले कायम ठेवला. चावी फिरवली की ईसीयू दोन-तीन सेकंद पंप चालवून दाब भरते. इंजिन फिरत असल्याचा सिग्नल आला नाही तर पंप बंद करते. आमच्या धंद्यात याला टाइमआउट म्हणतात. इथे त्याचा अर्थ असा: गाडी रात्री नाल्यात उलटली, अण्णा बेशुद्ध आहेत, चावी चालूच आहे, पण इंजिन थांबलं. थेट जोडलेला पंप अशा वेळी फुटलेल्या नळीतून पेट्रोल ओतत राहील. रिलेवाला थांबेल.

हे चित्र मी अण्णांना सांगितलं नाही. त्यांना एवढंच सांगितलं: चावी फिरवली की मागून दोन सेकंद घूं आवाज येईल. आला नाही तर फ्यूज आणि रिले बघा. इंजिन बंद असताना थांबलाच नाही तर चावी काढा. कर्कश झाला तर जाळी बघा. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका. आणि टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नका, चढावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप उघडा पडतो.

"म्हणजे मोटरीवानीच की," अण्णा म्हणाले.

पहिली जाळी महिन्याने काढली. जुन्या टाकीतला लाल गंज चिमूटभर निघाला. पुढच्या वेळी त्याहून कमी होता. नळ्या बसवल्याची तारीख बॉनेटच्या आतून पांढऱ्या रंगाने लिहून ठेवली आहे. सुट्टीला गेलो की आधी गाडीखाली झोपतो, बॅटरी मारून एकेका जोडावरून कोरडा कागद फिरवतो, मग घरात जातो.