साठ टक्क्यांचं हृदय

बी.कॉम.ला ६० टक्के पडले की मनुष्य फर्स्ट क्लास ठरतो आणि एखाद्या बँकेत चिकटतो. हृदयाला ६० टक्के पडले, की मात्र घरात रडारड! आमच्या २४ वर्षांच्या भाच्याला पडले. छातीत धडधडतं म्हणून त्याचा 'इको' काढला होता. रिपोर्टात 'इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के' आणि खाली 'ट्रिव्हियल ट्रायकस्पिड रिगर्जिटेशन'. आकड्यांचा कागद आमच्या घरात माझ्याकडेच येतो. ताईने तो माझ्यापुढे टाकला. मेहुणे ४८व्या वर्षी हृदयविकारानेच गेले, तेव्हा तिची थट्टा करायची माझी काही छाती झाली नाही.

वास्तविक हिशेब सोपा. हृदयाचा डावा कप्पा भरला, की दर ठोक्याला त्यातलं किती रक्त बाहेर पडलं, त्याची ही टक्केवारी. साधारण ५५ ते ७० म्हणजे झकास. शंभर कुणालाच मिळत नाहीत. तिजोरी पार झाडून रिकामी करणारी बँक कोणी पाहिली आहे काय? समजा १२० मिलिलिटर जमा, ७२ अदा, ४८ शिल्लक. की पुन्हा जमा. असे मिनिटाला सत्तरेक व्यवहार. रविवारची सुट्टी नाही आणि युनियनही नाही!

त्या 'ट्रिव्हियल' गळतीचं म्हणाल, तर झडप मिटताना किंचित रक्त मागे येतं. धडधाकट तरुणांतही हे सर्रास दिसतं. कलर डॉप्लर चहाडखोर, तो तेवढंही सांगतो. आमच्याकडे दहा रुपये कमी भरले, तरी कॅश टॅली होईपर्यंत कॅशियरला घर दिसत नाही. शरीराचा ऑडिटर पुष्कळ समंजस दिसतो.

ताईचं मन वळवावं म्हणून मी इतिहासही सांगितला. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड गावी एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी, जहाजांच्या गोदीत धातूतल्या भेगा शोधायचं ध्वनिलहरींचं यंत्र हृदयाला लावून पाहिलं.

"म्हणजे माझ्या पोराला बोटीचं मशीन लावलं?" ताई.

शेवटी डॉक्टरच गाठले. ताईने एकच विचारलं, "ह्याच्या वडिलांसारखं तर नाही ना?"

"पंप उत्तम, झडपा उत्तम," डॉक्टर म्हणाले. "रक्तवाहिन्यांतले अडथळे मात्र इकोत थेट दिसत नाहीत. वडिलांचं पाहता रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल अधूनमधून तपासत राहू. आणि सिगारेट नको. धडधड तिनंही होते."

भाचा एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताच ताईने त्याच्या खिशात हात घातला.