काचेची ओली त्वचा

प्रयोगशाळेचा सगळा भरवसा काचेच्या अलिप्तपणावर असतो. बीकर, ब्युरेट, पिपेट, चंबू, जिकडेतिकडे काच. आम्ल ओता, अल्कली ओता, उकळा, निववा. काच कशात पडत नाही, म्हणून तर तिच्यात काय घडलं ते खात्रीनं सांगता येतं. पीएच मीटरच्या प्रोबला टोकाशी जो इवलासा काचेचा फुगा असतो, तो मात्र या घराण्यात वेगळा निपजला. तो भोवतालच्या द्रावणात गुंततो, आणि गुंततो म्हणूनच उपयोगी पडतो.

या फुग्याची भिंत अतिशय पातळ. ती भिजली की तिच्या पृष्ठभागावर एक सूक्ष्म, मऊ थर तयार होतो. काचेतले सोडियमचे किंवा लिथियमचे काही आयन पाण्यात निघून जातात, त्यांच्या जागी हायड्रोजनचे आयन येऊन बसतात. द्रावण जितकं आंबट, तितकी ही गर्दी वाढते. आतल्या बाजूलाही असाच ओला थर आहे, पण आतलं द्रावण कायमचं ठरलेलं, बहुधा पीएच ७ चं. दोन्ही थरांवरची ओढ कमीजास्त झाली की काचेच्या दोन बाजूंत विद्युतदाबाचा फरक पडतो. २५ अंश सेल्सिअसला पीएचच्या एका अंकामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट. आणि एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक.

मला यातली सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट अशी, की बाहेरचा हायड्रोजन आयन काच ओलांडून आत येतच नाही. दाराची कडी न काढता माजघरात बसल्याबसल्या ओटीवर कोण आलंय ते कळावं, तसं हे. मधल्या कोरड्या काचेतून खबर पुढे सरकते ती सोडियम-लिथियमच्या आयनांमुळे, आणि तेही जागचे जेमतेम हलतात.

हा दाब एकट्यानं मोजता येत नाही, तुलनेला दुसरं कुणी लागतं. म्हणून त्याच प्रोबच्या बाहेरच्या नळीत सिल्व्हर क्लोराइड चढवलेली चांदीची तार पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडालेली असते. बाजूच्या सच्छिद्र ठिपक्यातून ते द्रावण हळूहळू पाझरतं आणि विद्युतमार्ग पुरा होतो. प्रोबच्या टोपणाभोवती पांढरी खर साचलेली दिसते, ती याच क्षाराची.

काचेचा हा गुण माक्स क्रेमर यांना १९०६ मध्ये दिसला. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर आणि झिग्मुंट क्लेमेन्सिएविच यांनी त्यावर इलेक्ट्रोड बेतला, आणि त्याच वर्षी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी पीएचची पट्टी मांडली. तरी हे साधन सर्वांच्या हाती यायला पुढची पंचवीसेक वर्षं गेली. काचेचा विद्युतरोध इतका प्रचंड, की तिच्यातून येणारा प्रवाह साध्या गॅल्व्हानोमीटरला जाणवेना. काच आणखी पातळ करावी तर ती फुटे. अखेर १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसानं वाट काढली. रसाची आम्लता लिटमसनं तपासावी, तर टिकवणीसाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड त्याचा रंगच उडवायचा. रस तपासणाऱ्या रसायनतज्ज्ञानं आपल्या जुन्या वर्गमित्राला, अर्नोल्ड बेकमन यांना, गाऱ्हाणं सांगितलं. बेकमननी व्हॅक्यूम ट्यूबचा अॅम्प्लिफायर जोडला. मग थोडी जाड, धड काचही चालू लागली.

आज नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराच्या खिशातही पेनाएवढा पीएच मीटर असतो. जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या, फवारणीचं पाणी किंचित आम्लधर्मी लागतं, नाहीतर औषध वाया जातं. हंगाम सरला की तो पेन फडताळात पडून राहतो आणि काचेचा थर सुकतो. पुढच्या छाटणीनंतर बाहेर काढावा, तर आकडा रेंगाळतो, कुठंच ठरत नाही. लोक म्हणतात मीटर गेला. पुष्कळदा तो फक्त तहानलेला असतो. रात्रभर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवावा, सकाळी धुऊन मऊ कागदानं टिपावा, चोळू नये, आणि ७ व ४ च्या बफरांत पुन्हा लावून घ्यावा. एरवी ठेवताना टोपणात त्याच द्रावणाचे चार थेंब असू द्यावेत. डिस्टिल्ड पाणी मात्र नको, ते त्या थरातले आणि नळीतले क्षार ओढून घेतं.