न्हाणीघराचं छत

रंगाच्या दुकानात शेड कार्ड उलगडलं, की बाथरूमची पाळी सगळ्यांत शेवटी येते. हॉलच्या रंगावर आठ दिवस खल चालतो, देवघराचा रंग आई ठरवते आणि बाथरूमच्या नशिबी डब्यात उरलेलं काहीतरी. मला हे फार लागतं. घरातल्या दुसऱ्या कुठल्या भिंतीला रोज एवढं सोसावं लागतं?

टाइल्स आता दाराच्या चौकटीएवढ्या, सात फुटांपर्यंत चढतात. रंगाच्या वाट्याला उरतो वरचा पट्टा आणि छत. आंघोळीची वाफ नेमकी तिथेच पोचते, गार होते, थेंब धरते. तेव्हा बाथरूमचा रंग निवडायचा म्हणजे खरं तर छताचा विचार करायचा, आणि छताकडे तर कुणी मान वर करून बघतही नाही.

कोकणातल्या जुन्या न्हाणीघरांना चुना होता. पावसाळा सरला, की दिवाळीच्या आधी जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा हात फिरे. भिजवून गाळलेला चुना, त्यात चिमूटभर नीळ. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. ताजा असताना तो इतका क्षारयुक्त असतो, की बुरशीला तिथे थारा मिळत नाही. शिवाय तो भिंतीतली ओल कोंडून ठेवत नाही, बाहेर पडू देतो. पाठ टेकली तर पांढरी व्हायची, एवढंच. त्या शुभ्र, किंचित निळसर अंधारातली चुलाण्यावरच्या गरम पाण्याची आंघोळ मला आजही सगळ्यांत स्वच्छ वाटते.

मग ऑइल पेंट आला. चकचकीत, पाणी ओघळून जाई, फडक्याने पुसता येई. पण त्याचा पापुद्रा ओल अडवतो. भिंतीच्या मागून पाणी झिरपलं, की आधी फुगे, मग पोपडे. आणि सिमेंटचा गिलावा ताजा असेल, तर त्यातला क्षार रंगातल्या तेलाचा चक्क साबण करतो. साधा डिस्टेंपर तर इथे नकोच. ओल्या हाताला तो सुटून येतो.

आज मी बुरशीरोधक अ‍ॅक्रिलिक इमल्शन घ्यायला सांगेन, सॅटिनची मंद चमक असलेलं. मॅट दिसतो देखणा, पण डाग धरून बसतो. नवा गिलावा असेल तर निदान 28 दिवस त्याला हात लावू नये. रंगकाम मार्च-एप्रिलमध्ये काढावं; मुंबईच्या जुलैत भिंत वाळतच नाही. आणि वरच्या मजल्यावरची मोरी गळत असेल, तर आधी प्लंबर. जगातला कुठलाही रंग ती गळती थांबवणार नाही. खिडकीच्या काचपट्ट्या उघड्या ठेवाव्यात, एक्झॉस्ट आंघोळीनंतरही थोडा वेळ चालू द्यावा.

राहिली छटा. सकाळी आरशात आपला चेहरा पहिल्यांदा दिसतो, तो याच भिंतींवरून परतलेल्या उजेडात. गडद हिरव्याने निरोगी माणूसही आजारी दिसतो. मोतिया, फिकट पिवळसर, अगदी हलका गुलाबी, हे रंग चेहऱ्याशी प्रेमाने वागतात. पण कार्डावरच्या बोटभर तुकड्यावर विसंबू नये. वरच्या पट्ट्यावर फूटभर चौकोन रंगवावा, पहाटे दिवा लावून बघावा, दुपारी खिडकीच्या उजेडात बघावा, आणि घरात सगळ्यांत आधी आंघोळीला जाणाऱ्या माणसाला विचारावं.