लिंबूटिंबू

दिवाळीत आमच्या लोणखेड्याच्या घरी माणसं वाढतात आणि अंथरुणं कमी पडतात. पुण्याची, नाशिकची, सुरतेची अशी सगळी मंडळी धनत्रयोदशीपर्यंत येऊन थडकतात. मग ओसरीवर चपलांचा ढीग पडतो आणि फराळाचे डबे लपवायला जागा उरत नाही. यंदा पुण्याच्या थोरल्या नातवाच्या पिशवीतून फटाक्यांऐवजी एक जाडजूड पुस्तक निघालं, आणि त्याबरोबर मूठभर रंगीत फासे. त्यातला एक फासा वीस बाजूंचा होता. मी आयुष्यात पुष्कळ फासे पाहिले, काही भोगलेही. पण वीस बाजूंचा पहिल्यांदाच पाहिला. हातात घेतला तर कुठल्याही बाजूवर बसायला तो तयार! माझ्या ओळखीच्या एकदोन माणसांची आठवण झाली.

"हा खेळ कसा हरायचा?" मी विचारलं. कुठल्याही नव्या खेळाबद्दल मला प्रथम हेच कळून घ्यावंसं वाटतं.

"यात हरजीत नसते, आजोबा. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. मी गोष्ट सांगणार, तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासा ठरवणार."

म्हणजे सोंगाड्या, कीर्तनकार आणि सोंगट्या यांचं एकत्र कुटुंबच की! पुढे चौकशी केली तेव्हा कळलं की, हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी छापून बाजारात आणला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे तळघरं आणि अजगर. ते साल ऐकून मी किंचित दचकलो. त्याच साली आमच्या घरात दोघा भावांची वाटणी झाली होती. पण ते नंतर.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी माजघरात डाव मांडला गेला. तासाभराने नाशिकची धाकटी नात तोंड फुगवून माझ्यापाशी येऊन बसली. ती झाली होती 'रेंजर'. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला रेंजर म्हटलं की जंगलखात्याचा साहेब डोळ्यांपुढे येतो. पण हा रेंजर म्हणजे रानवाटा जाणणारा, माग काढणारा तिरंदाज. "आजोबा, लढवय्या मारतो, जादूगार जाळतो, आणि मी नुसती त्यांच्या मागून चालते. माझ्या वाट्याला काही येतच नाही."

मी न्यायाधीशाच्या थाटात थोरल्याला बोलावलं. त्याने निमूटपणे कबूल केलं की, ही तक्रार तिची एकटीची नाही. या खेळाची जी आवृत्ती २०१४ साली निघाली, तिच्यातल्या रेंजरबद्दल जगभरच्या खेळाडूंनी हीच ओरड केली होती. आपण निवडलेल्या मुलखात तो वाघ. मुलूख बदलला की त्याची विद्या वाया. शेवटी कर्त्यांनी २०१६ साली दुरुस्तीचा एक मसुदा लोकांपुढे ठेवला आणि २०२० सालच्या पुस्तकात त्याला पर्यायी गुण बहाल केले. जुन्या आवृत्त्यांत जादूगाराचीही अशीच कथा होती म्हणे. आरंभी मांजर ओरडलं तरी मरेल असा नाजूक, आणि पुढे एवढा प्रबळ की लढवय्याने नुसती त्याची पिशवी धरावी. पन्नास वर्षं माणसं या खेळाचा तराजू सारखा करीत बसली आहेत आणि अजून कुठलं ना कुठलं पारडं खाली जातंच!

"मग हिच्यासाठी काय करणार?" मी विचारलं.

"सोपं आहे. हिच्या प्रत्येक फाशाला मी पाच जास्त धरतो. आणि ही मेली तरी मेली असं धरायचं नाही."

हे ऐकताच मी सुपारी कातरायचा थांबलो. कारण ही दुरुस्ती मला साठ वर्षांपासून ठाऊक होती. मराठीत तिला फार गोड नाव आहे: लिंबूटिंबू.

वाचकांपैकी ज्यांना धाकटं भावंड आहे, किंवा जे स्वतः कुणाचं धाकटं भावंड होते, त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. लिंबूटिंबू खेळात असतो. तो धावतो, ओरडतो, घामाघूम होतो. पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो बाद होत नाही.

माझ्या धाकट्या भावाचा उजवा पाय लहानपणच्या तापात गेला. आम्ही उन्हाळ्यात गोमाईच्या कोरड्या वाळूत हुतुतू खेळायचो. तेव्हा आमचं गाव धुळे जिल्ह्यात होतं. नंदुरबार जिल्हा झाला तो १९९८ साली. हुतुतूचे तरी किती प्रकार! 'संजीवनी'त समोरचा गडी बाद झाला की आपला मेलेला उठायचा. 'गामिनी'त मेलेला सगळा संघ मरेपर्यंत बाहेर बसायचा. 'अमर'मध्ये कुणी मरायचंच नाही, नुसते गुण मोजायचे. गावोगावचे कायदे वेगळे, आणि दुसऱ्या गावाशी सामना ठरला की निम्मा वेळ कुणाचा कायदा चालायचा यावरच्या भांडणात जायचा. आमच्या गल्लीचा कायदा मी ठरवीत असे. भाऊ खेळायला हट्ट करायचा, आई मला बजावायची, आणि मी त्याला लिंबूटिंबू करून टाकलं. माझ्या मते मी मोठं औदार्य दाखवलं होतं.

एका संध्याकाळी वरच्या गल्लीशी डाव अटीतटीला आला. त्यांचा सगळ्यात दांडगा गडी दम घेत आत घुसला, आमचे दोघे मारून परत वळला, आणि वाळूत बसलेल्या माझ्या भावाने दोन्ही हातांनी त्याचा घोटा धरला. पायातलं सगळं बळ त्या पोराच्या हातांत उतरलेलं होतं. तो दांडगा रेघेपासून वीतभर अंतरावर आडवा झाला आणि तिथंच त्याचा दम सुटला. आमची पोरं नाचू लागली. तेवढ्यात तो उठला, अंगावरची वाळू झटकली आणि म्हणाला, "लिंबूटिंबूची पकड धरत नाहीत. कायदा तुमचाच आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. भावानेही पाहिलं. मी म्हणालो, "बरोबर आहे. धरत नाहीत."

कायद्याने मी चुकलो नव्हतो. पण भाऊ पुन्हा वाळूत उतरला नाही.

पावसाळ्यात मात्र आईच्या पटावर तो माझी खोड मोडायचा. जमिनीवर खडूने पाच-पाच घरांचा चौरस, चार कवड्या, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. चारही कवड्यांची तोंडं वर पडली की चार, चारही पालथ्या पडल्या की आठ, आणि पुन्हा दान. कवडी जर दोन्ही अंगांनी सारखी पडत असती, तर सोळा फेकींत एकदा आठ पडावेत; पण तिच्या पाठीचा उंचवटा हिशेबात बसत नाही, आणि भावाच्या हातात तर ती मुळीच बसत नसे. आमच्या पटाचा एक कडक कायदा होता: दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याखेरीज आतल्या घरांत शिरायचं नाही. नुसतं जपून चालणाऱ्याला तिथं मोक्ष नाही. रात्र फार झाली की आईच हा कायदा रद्द करायची, म्हणजे डाव लवकर संपावा आणि पोरांनी झोपावं. पण तो सगळ्यांसाठी एकदम रद्द व्हायचा. भावाला ती एकही घर सवलत देत नसे, आणि तो हरला की त्याच्या पाठीत इतरांइतकाच जोरात धपाटा घालायची.

१९७४ साली वाटणी झाली तेव्हा मी पुन्हा उदार झालो. विहिरीजवळचा तुकडा आणि वर एक बिघा जास्त मी त्याच्या नावाने काढला. तो पंचांसमोर म्हणाला, "दादा, मला जास्त नको. मला मोजणीत धर." मी ते त्याचं कुरकुरणं समजलो. पुढे बरीच वर्षं आमचं बोलणं येणंजाणं, लग्नकार्य आणि उसाच्या पाण्यापुरतंच राहिलं.

असो. थोरल्याला मी एवढंच म्हणालो की, पाच जास्त देऊ नकोस आणि मरणही माफ करू नकोस. तू सगळी गोष्ट तळघरात मांडलीस. तिथं रानवाटा जाणणारीने करायचं काय? त्याने डोकं खाजवलं. बाकीच्यांनी पुस्तकात असं चालतं का म्हणून वाद घातला. मग त्याने मला एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. प्रशियात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली लष्करासाठी नकाशावरचा युद्धाचा खेळ सिद्ध केला. त्यात फासे आणि कोष्टकं एवढी की खेळणारे कंटाळून जात. १८७६ साली फेर्दी द्यू व्हेर्न्वा या सेनानीने बहुतेक कोष्टकं बाजूला सारली आणि निवाडा अनुभवी पंचावर सोपवला. म्हणजे कायदा की पंच, हा तंटा आमच्या गोमाईच्या वाळूपेक्षा बराच जुना आहे. त्याहून मागे जायचं तर द्यूतसभेत धर्मराजानेही हरकत घेतलीच होती की, दुर्योधनाच्या वतीने शकुनीने खेळणं हे समसमान नव्हे. हरकत घेतली आणि बसला खेळायला! पंच कुणी नव्हता. जे होते ते खाली माना घालून बसले होते.

संध्याकाळी गोष्ट तळघरातून बाहेर निघाली आणि थेट तोरणमाळच्या घाटात शिरली. धुकं पडलं, वाट फुटली, यशवंत तलावाच्या काठी कसले तरी माग दिसले, आणि आता धाकटीखेरीज कुणाचं पान हलेना. सीताखाईच्या कड्यावर तिचा फासा वाईट पडला आणि ती खरोखरच दोन हात खाली घसरली, तेव्हा भीतीने तिने माझा हात धरला. तोंड मात्र फुगलेलं नव्हतं.

पाडव्याला भाऊ आला. काठी दाराशी टेकवून ओसरीवर बसला, चिवडा खाल्ला, आणि आतला गलका ऐकून म्हणाला, "काय चाललंय?" धाकटीने त्याला सगळं सांगितलं. त्याने वीस बाजूंचा फासा बराच वेळ तळहातावर तोलला.

"यात लिंबूटिंबू असतो का गं?"

"नाही, आजोबा. यात सगळे मरू शकतात."

"मग मला एक जागा द्या."

पोरांनी सरकून जागा केली. लढवय्या होऊन तो कुणाचंही न ऐकता सरळ अस्वलाच्या गुहेत शिरला आणि पाव तासाच्या आत मेला. थोरला चाचरत म्हणाला, "आजोबा, तुमची पहिलीच वेळ आहे, हे धरायला नको…"

"धर," मी दारातून म्हणालो.

भावाने वळून माझ्याकडे पाहिलं. मग थोरल्याच्या वहीवर बोट ठेवलं. "लिही तिथं. मेला म्हणून लिही. आणि आता दुसरा गडी दे."