फिकट हिरवे खडे

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. वर्षभरातलं कोणतं प्रॅक्टिकल मनापासून आवडतं असं कुणी विचारलं, तर मी मोहर्स सॉल्टचं नाव घेईन. मुलांचा ओढा तुरटीकडे असतो. तुरटी घरातली, गढूळ पाण्यात फिरवलेली, दाढीनंतर गालावर घासलेली. दोऱ्याला बांधून सोडलेला तिचा आठ पृष्ठांचा खडा मोठा होताना बघायला सगळे गोळा होतात. मोहर्स सॉल्टचा खडा बारीक, फिकट हिरवा, दिसायला साधा. पण त्याचं आमच्या मातीशी जे नातं आहे, ते तुरटीचं नाही.

त्यात जाणारी दोन्ही मिठं इथल्या शेतकऱ्याच्या ओळखीची आहेत. एक हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. चुनखडीच्या जमिनीत पिकाची कोवळी पानं पिवळी पडली की लोह मिळावं म्हणून त्याची फवारणी करतात. दुसरं अमोनियम सल्फेट, ते तर खतच. दोन्ही एकत्र विरघळवून निवू दिली, तर प्रत्येकाचा खडा वेगळा पडत नाही. लोह, अमोनियम, सल्फेट आणि पाणी ठरलेल्या हिशोबात एकाच खड्यात बसतात. हेच द्विलवण. तो खडा पुन्हा पाण्यात टाकला की घटक सुटे होतात. कॉस्टिक सोडा घालून तापवलं तर अमोनियाचा वास नाकात झोंबतो, बेरियम क्लोराइड टाकलं तर सल्फेटचा पांढरा साका बसतो, लोहाची परीक्षाही मिळते. खड्यापुरता करार, पाण्यात गेलं की मोकळे.

हिशोब मला फार देखणा वाटतो. १३.९ ग्रॅम हिराकस आणि ६.६ ग्रॅम अमोनियम सल्फेट घ्यायचं. सगळंच्या सगळं हाती लागलं तर १९.६ ग्रॅम मोहर्स सॉल्ट मिळतं. बेरीज तर २०.५ होते. मग ०.९ ग्रॅम कुठे गेलं? हिराकसाच्या खड्यात पाण्याचे सात रेणू असतात, नव्या खड्यात सहाच मावतात. सातवा पाण्यात राहतो. मुलांना हे फळ्यावर सांगून पटत नाही. स्वतः वजन करून, स्वतः बेरीज मांडली की पटतं.

पाणी डिस्टिल्डच हवं, तेही उकळून घेतलेलं, म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाते. बोअरच्या पाण्यातला चुना लोहाला नासवतो. पाण्यात आधी विरल सल्फ्युरिक आम्लाचे थेंब घालायचे आणि मगच हिराकस. आम्ल विसरलं की द्रावण हळूहळू मळकट पिवळं होतं. लोह गंजण्याच्या वाटेला लागलेलं असतं. पाणी जेमतेम विरघळण्यापुरतंच. गाळून घेतलेलं द्रावण चायना डिशमध्ये मंद आचेवर आटवायचं. थांबायचं कधी, हे घड्याळ सांगत नाही. काचेच्या कांडीचं टोक बुडवून बाहेर काढायचं आणि त्यावरच्या थेंबावर फुंकर घालायची. थेंबावर बारीकशी साय धरली की बर्नर लगेच बंद. लाडवाचा एकतारी पाक बोटांत पाहणाऱ्या बाईला जे कळतं, तेच इथे कळावं लागतं, आणि ते ज्याचं त्यालाच यावं लागतं. मी शेजारी उभा राहतो, पण ‘आता बंद कर’ असं सांगत नाही.

पुढचं काम म्हणजे हात न लावणं. डिश हलवायची नाही, कांडीने ढवळायचं नाही. घाईने गार केलं की भुगा पडतो आणि त्या भुग्याच्या पोटात भोवतालचं पाणी, त्यातल्या अशुद्धीसकट, अडकून बसतं. सावकाश वाढणारा खडा आपल्या घडणीत बसेल तेच घेतो आणि बाकीचं पाण्यात सोडून देतो. म्हणून या प्रॅक्टिकलला थंडीतली सकाळ चांगली. आमच्याकडे उन्हाळ्यात डिश निवून निवून निवते किती? खडे मग उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवायचे नाहीत, अंगचं पाणीही जाईल. फिल्टर पेपरच्या घड्यांत अलगद दाबून टिपायचे.

पण खडा नितळ दिसला म्हणजे शुद्ध झाला असं नाही, आणि हे मी मुलांना आवर्जून सांगतो. मॅग्नेशियम, मँगनीज, जस्त यांचीही अमोनियम सल्फेटबरोबर अगदी याच घडणीची द्विलवणं होतात. आल्फ्रेड टटन या इंग्रज स्फटिकतज्ज्ञाने या घराण्याचा इतका बारकाईने अभ्यास केला, की त्यांना टटनची लवणं म्हणतात. कृषी केंद्रातल्या हिराकसात मँगनीज किंवा मॅग्नेशियम असेल, तर ते लोहाच्या जागेवर गुपचूप जाऊन बसतं. खडा तितकाच सुबक आणि वजनात मात्र खोट.

वजनावर एवढा जोर का, तर हे मीठ मोजण्यासाठीच आहे. साध्या हिराकसाचे खडे हवेत राहिले की पिवळट पडतात, अंगचं पाणी सोडतात. मोहर्स सॉल्ट कोरडं ठेवलं तर टिकतं, आणि म्हणूनच तोलून घेता येतं. ज्याचं नाव त्याला मिळालं, तो कार्ल फ्रीडरिश मोर (१८०६-१८७९) हा जर्मन औषधशास्त्रज्ञ. चिमट्याची ब्युरेट रुळवणारा, अनुमापनावर ग्रंथ लिहिणारा माणूस.

जमीन आरोग्य पत्रिकेवरचा ‘सेंद्रिय कर्ब’ हा आकडाही याच मिठाने निघतो. वॉकली आणि ब्लॅक यांची ही पद्धत १९३४ची. एक ग्रॅम मातीत १० मिली डायक्रोमेट आणि २० मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून अर्धा तास ठेवतात. मातीतला कर्ब डायक्रोमेट खातो; उरलेलं किती, ते अर्ध्या नॉर्मल मोहर्स सॉल्टने मोजतात. एका लिटरला १९६ ग्रॅम. गडद रंग फिरून लख्ख हिरवा झाला की थांबायचं. मातीविना केलेल्या कोऱ्या चाचणीला २० मिली लागतात. आपल्या मातीला १७ लागले तर मधल्या तीन मिलीत कर्बाचा हिशोब. मीठ जितकं कमी लागेल तितकी जमीन सकस. आणि त्या मिठातलं लोह गंजलेलं असेल, कोरी चाचणीही टाळली असेल, तर ते जास्त लागतं आणि चांगली जमीन कागदावर नापीक ठरते. शेणखताचा, पाचट कुजवण्याचा निर्णय त्या कागदावर होत असतो.

बोर्डाच्या जर्नलमध्ये या प्रॅक्टिकलपुढे खड्यांचा रंग, आकार आणि वजन लिहायचं असतं. पोटॅशियम परमँगनेटचं अनुमापन वेगळ्या दिवशी, बाटलीतल्या विकतच्या मोहर्स सॉल्टवर होतं. ही फारकत मला पटत नाही. मी मुलांना त्यांचेच खडे वापरायला लावतो. आपल्या खड्यांतले ९.८ ग्रॅम तोलून, आम्ल घालून, २५० मिलीपर्यंत पाणी करायचं. त्यातले १० मिली फ्लास्कमध्ये, ब्युरेटमध्ये ०.०२ मोलर परमँगनेट. खडे खरे असतील तर बरोबर १० मिलीला फिका गुलाबी रंग टिकतो. ९.७ ला टिकला तर खडे ओले राहिले, किंवा काही लोह गंजलं, किंवा हिराकसातच भेसळ होती. कोणतं, ते पुढच्या तासाला शोधायचं: थोडं पुन्हा टिपून वजन घ्यायचं, थोडं पाण्यात विरघळवून थायोसायनेट टाकायचं. लाल झालं तर गंज. लाल झालं नाही आणि वजनही तेच राहिलं, तर हिराकसाची बाटली बदलायची आणि आच पुन्हा पेटवायची.