आधी प्रश्न, मग मोबाइल

भरतीची वेळ काढायची एक रीत आमच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिथीची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून चतुर्थीला दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटेही तीनच्या आसपासच. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या, राजिवड्यातल्या मुलांना हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही, घरात ऐकलेलं असतं.

भरती-ओहोटीचा धडा मी इथूनच सुरू करते. फळ्यावर पंधरा तिथींचा तक्ता मुलांकडूनच भरून घेते. एका रकान्यात पाऊणपटीची वेळ, शेजारच्या रकान्यात संगणकानं वर्तवलेली भरतीची वेळ. समुद्राच्या लाटा, वारा, प्रवाह यांचे अंदाज देणारी इन्कॉइस ही केंद्र सरकारची हैदराबादची संस्था आहे आणि तिची माहिती मोबाइलवर फुकट पाहता येते. दोन रकाने शेजारी आले की वर्गात कुजबुज सुरू होते. पौर्णिमेला आजोबांची रीत सव्वाअकरा सांगते आणि दुसऱ्याच दिवशी, प्रतिपदेला, पाऊण. एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारेल कसा?

मग हिशेब होतो. पौर्णिमा ते अमावास्या या पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी सरकायला हवी, म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटं. रीत धरते ४५. रोजची तीन मिनिटं साठत जातात आणि पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तास होतो. सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीचा मेळ रोज बदलतो, त्यामुळे खरी वेळ आणखी थोडी मागेपुढे होते, तेही तक्त्यात दिसतं. होडी लोटायला निघालेल्या माणसाला तोंडी हिशेबात एवढी जवळची वेळ मिळत होती, हे मुलांना या तक्त्यामुळेच पहिल्यांदा कळतं. घरच्या ज्ञानाबद्दलचा त्यांचा आदर त्यानं वाढतो, आणि ते तपासून पाहता येतं हेही त्यांना समजतं.

हा तास सविस्तर सांगितला, कारण ऑनलाइन साधनं कशी शोधावीत याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्यात आहे. प्रश्न वर्गातला होता, मोबाइल नंतर आला. तोही एकच, शिक्षकाच्या हातातला. मुलांनी नुसतं पाहिलं नाही. मोजलं, मांडलं, वाद घातला.

मी विज्ञान आणि भूगोल शिकवते, आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणातही वर्ग घेते. तिथे हमखास विचारलं जातं, ‘बाई, सध्या चांगलं अ‍ॅप कोणतं?’ मी उलट विचारते, ‘सर, तुमचा कोणता धडा अडतो?’ अ‍ॅपची यादी हवी तेवढी मिळते, दर जूनला नवी मिळते. पण पाचवीची मुलं अपूर्णांकात कुठे अडखळतात, नववीला प्रमेयाची सिद्धता पाठ का करावी वाटते, हे त्या यादीत नसतं. ते फक्त त्या वर्गावर उभं राहणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. अडचण नेमकी माहीत असली, की शोध अर्ध्या तासात संपतो.

विजेच्या धड्याचं उदाहरण घ्या. बॅटरी आणि एकसर जोडणीतले दोन दिवे. बहुतेक मुलांना मनातून वाटत असतं, की पहिला दिवा थोडी वीज ‘खातो’ आणि उरलेली दुसऱ्याला जाते. सूत्र पाठ असतं, गणितं सुटतात, तरी ही समजूत जात नाही, कारण तारेच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संचात नेमकं हेच दाखवणारं सिम्युलेशन आहे. २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे कार्ल वायमन यांनी २००२मध्ये हा प्रकल्प सुरू केला. विज्ञान, गणिताची कितीतरी सिम्युलेशन्स त्यात आहेत, त्यांतली बरीच मराठीतही आहेत, आणि एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. पडद्यावर मूल स्वतः तारा जोडतं. तारेतले इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. दिव्याच्या अलीकडे ज्या वेगानं, पलीकडेही त्याच वेगानं. बॅटरीची दोन्ही टोकं थेट तारेनं जोडली तर ज्वाळा उठतात. प्रत्यक्षात जे करून बघू देता येत नाही ते इथे निर्धास्त करता येतं.

एक पथ्य मात्र मी कसोशीनं पाळते. आधी खरा सेल, खरी तार, खरा दिवा. बोटांना तार उष्ण लागू दे, सैल जोडणीनं दिवा लुकलुकू दे. मगच पडदा. आणि पडद्यानंतर पुन्हा खरा दिवा, कारण अंदाज बरोबर होता का हे ठरवण्याचा हक्क खऱ्या दिव्याचाच आहे. हा क्रम उलटला, तर सिम्युलेशन हा आणखी एक व्हिडिओ होऊन जातो. कमी खर्चातल्या खऱ्या प्रयोगांसाठी अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ आहे. काड्यापेट्या, स्ट्रॉ, जुन्या चपलांचं रबर यांतून केलेली खेळणी, त्यांचे मराठीतले व्हिडिओ आणि विज्ञानाची असंख्य पुस्तकं तिथे मोफत आहेत. शिक्षकाला एकच पत्ता द्यायचा झाला, तर मी हाच देईन.

आमच्या जिल्ह्यातल्या अनेक शाळा वाड्यांमध्ये आहेत. खाली पऱ्या म्हणजे ओढा, वर सडा म्हणजे कातळाचं पठार, आणि रेंज सड्यावर गेल्यावरच. टाळेबंदीत रेंजसाठी डोंगर चढणारी मुलं सगळ्या कोकणानं पाहिली. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत अनेक दिवस वीजच नव्हती. म्हणून कुठलंही साधन हाती आलं, की मी मोबाइलचा डेटा बंद करून ते उघडून बघते. उघडलं तर पुढे जायचं. ‘किविक्स’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे; त्यातून अख्खा मराठी विकिपीडिया पेनड्राइव्हवर मावतो आणि शाळेतला जुनापुराणा संगणकही तो उघडू शकतो. ज्या शाळेत संदर्भग्रंथांचं कपाट नाही, तिथे त्याचं मोल केवढं आहे ते शहरात राहून कळणार नाही.

मुलांकडे मोबाइल नाहीत, ही अडचणही सुटते. ‘प्लिकर्स’मध्ये प्रत्येक मुलाच्या हातात एक छापील कार्ड असतं. ते कोणत्या बाजूनं वर धरलं यावरून उत्तर ठरतं, आणि शिक्षक आपल्या मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो. शेजाऱ्याचं उत्तर बघून सांगता येत नाही आणि चुकलं तरी चारचौघांत कळत नाही. कधीच हात वर न करणाऱ्या मुलीचं मत मला अशा तासाला समजतं. फुकट आवृत्तीला मर्यादा आहेत, पण रोजच्या चार प्रश्नांना ती पुरते.

भूगोलात अक्षांश शिकवताना ‘स्टेलॅरियम’ हे आकाशदर्शनाचं मुक्त सॉफ्टवेअर मला सर्वांत प्रिय आहे. ठिकाण रत्नागिरी निवडलं, की ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे १७ अंशांवर दिसतो. रत्नागिरीचा अक्षांशही १७. ठिकाण बदलून श्रीनगर करा, ध्रुव ३४ अंशांवर चढतो. मग गृहपाठ असतो अंगणातला. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते, तेव्हा आपला ध्रुव क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर सापडायला हवा. पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत, मुलं हे करून येतात. कुणाच्या समोर डोंगर येतो, कुणाच्या माडाची झापं आडवी येतात; मग ‘बाई, क्षितिज म्हणजे नक्की कुठून मोजायचं?’ असा सुंदर प्रश्न विचारला जातो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते, तेही याच सॉफ्टवेअरवर आधी पाहून ठेवता येतं. ऑगस्टच्या सुरुवातीला ते पुन्हा घडतं, पण तेव्हा आमच्याकडे सूर्य दिसेल तर ना!

नकाशाच्या प्रमाणासाठी मी मुलांना कशेळीचा हत्ती देते. आपल्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीची हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. उपग्रहाच्या नकाशावर आपल्या शाळेपासून तिथला सडा शोधायचा, अंतर मोजायचं, आणि मग शाळेच्या मैदानावर चुन्यानं खऱ्या मापाचा हत्ती काढायचा. निम्म्या शाळांची मैदानं अपुरी पडतात. तेव्हा प्रमाण म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

भाषेचा मुद्दा मला फार जवळचा आहे. जे साधन मराठीत नाही, ते आमच्या मुलांपर्यंत निम्मंच पोचतं. सुदैवानं मराठीत बरंच आहे आणि ते वापरलं मात्र जात नाही. ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं. त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. मराठी विश्वकोशाच्या नोंदी एका शोधात समोर येतात. प्रथम बुक्सनं २०१५मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर चित्रकथा मराठीत आहेत, छापून घेण्याची मुभा आहे आणि त्यांचं भाषांतर करण्याचीही. पहिलीच्या मुलांसाठी एखादी कथा संगमेश्वरी बोलीत उतरवण्याचं काम मी सातवी-आठवीच्या मुलांना देते. शब्दासाठी मग आजीकडे जावं लागतं. बोलीत बोललं की हसं होतं असं वाटणारी मुलं तीच बोली कागदावर लिहितात, आणि लहान मुलं ती वाचताना खुदखुदतात, हे शिक्षणच आहे.

शोधायला लांब जाण्याआधी आपलं पाठ्यपुस्तकच उघडावं. त्यातल्या क्यूआर कोडमागे ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक व्यासपीठावरचं साहित्य असतं. पुस्तकाला असा कोड जोडण्याची वाट सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी दाखवली. २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम स्पर्धकांना वाटली. एका शिक्षकाला आपल्या वर्गात काय हवं ते नेमकं कळलं, त्यातून हे झालं.

दोन गोष्टींत मी कडक आहे. मुलाचं नाव, जन्मतारीख, पालकांचा नंबर मागणारं साधन मी वर्गात आणत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. दुसरी गोष्ट चॅटजीपीटीसारख्या साधनांची. सराव प्रश्नांचे दहा प्रकार करायला, एकाच उताऱ्याची सोपी आवृत्ती करायला शिक्षकानं ती जरूर वापरावीत, आणि ओळ न्‌ ओळ तपासावी. मुलांचे निबंध मात्र वर्गातच, हातानं. ज्या वयात वाक्य जुळवताना विचार जुळतो, त्या वयातलं ते काम दुसऱ्या कुणाला देऊ नये.

आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत अलीकडे आम्ही एक वही ठेवली आहे. साधनाचं नाव त्यात नंतर लिहायचं. आधी धडा, मग मुलं कुठे अडली ते, मग काय वापरलं, नेटशिवाय चाललं का, आणि मुलांनी कोणते प्रश्न विचारले. फाइल पेनड्राइव्हवर तिथल्या तिथे दुसऱ्या शाळेला मिळते. पुढच्या बैठकीसाठी पाचवीच्या एका वर्गाची नोंद आली आहे: मुलं म्हणतात, एक अष्टमांश हा एक पंचमांशापेक्षा मोठा, कारण आठ मोठे. फेटवर अपूर्णांकांचं सिम्युलेशन आहे, ते उतरवून ठेवलं आहे. पण आधी घावन वाटून बघायचं ठरलं आहे.