अडवलेलं भाषांतर

पेशीतही भाषांतर होतं, हे मला आईच्या आजारपणात कळलं. हैदराबादच्या एका रुग्णालयाच्या बाकावर बसून मी जठराच्या कॅन्सरबद्दल मिळेल ते वाचत होते. डीएनएतल्या मजकुराची प्रत म्हणजे संदेशवाहक आरएनए. त्या प्रतीवरून प्रथिन तयार होतं आणि त्या क्रियेला जीवशास्त्रज्ञ भाषांतरच म्हणतात. त्याच कामावर पोट भरणारी मी वाचतच राहिले.

हे भाषांतर अडवणारेही असतात. मायक्रोआरएनए, म्हणजे साधारण २२ अक्षरांचे तुकडे. १९९३मध्ये व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत त्यांचा छडा लागला. त्यासाठी २०२४चं नोबेल मिळालं. सहा-सात अक्षरं जुळली तरी हा तुकडा संदेशाला चिकटतो आणि त्याचं प्रथिन कमी बनतं. निरोगी पेशीलाही असं आवरणं लागतंच. पण जठराच्या कॅन्सरमध्ये एमआयआर-२१ हा तुकडा बरेचदा फार वाढलेला आढळतो. तो पीटेन या प्रथिनाचा संदेश दाबतो, आणि पीटेनचं काम तर पेशीच्या वाढीला लगाम घालण्याचं. ‘थांब’ असं लिहिलेलं असतं, ते वाचलं जात नाही.

डॉक्टरांचं इंग्रजी आणि आईचं मराठी यांच्या मधल्या खुर्चीवर मी होते. गाठ यकृतापर्यंत गेलीय, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही, केमोने मिळाले तर काही महिने मिळतील, असं ते समजावत होते. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

“औषधं सुरू करू म्हणतायत,” मी म्हणाले.

“इतका वेळ बोलले, आणि एवढंच?”

मी मान हलवली.

त्यानंतर ती रोज म्हणायची, “बरी झाले की मिरजेला अक्काकडे जाऊन येईन.” केमो चालू राहिली. जिना चढायला नको म्हणून मावशीने तिचा पलंग खालच्या खोलीत आणून ठेवला होता. चौथ्या महिन्यात आई गेली, हैदराबादलाच.

एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकताना भाषांतरात काय हरवतं यावर आम्ही तासन्‌तास वाद घालायचो. आईच्या पेशींत नेमकं काय अडलं, ते कुणी तपासलं नाही. मी काय अडवलं ते मला ठाऊक आहे. तिला कळलं असतं, तर ती पहिल्या गाडीने मिरजेला गेली असती.